उर्मिया: पाऊस परतला, सरोवर परतलं नाही

इराणच्या वायव्य कोपऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२७० मीटर उंचीवर उर्मिया नावाचं खारं सरोवर आहे. आहे म्हणायचं की होतं, हे तुम्ही कुठल्या वर्षी आणि कुठल्या महिन्यात विचारता यावर ठरतं. १९९० च्या दशकाच्या मध्यावर त्याचा पसारा ५,००० चौरस किलोमीटरहून मोठा होता. आपला अख्खा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा, म्हणजे पेडण्यापासून काणकोणपर्यंतचं राज्य त्यात बुडून वर पाणी उरलं असतं. २०१४ च्या सुमारास त्या पसाऱ्यातला जेमतेम दहावा हिस्सा ओला होता. २०१९ च्या वसंतात सरोवर पुन्हा सुमारे ३,००० चौरस किलोमीटरपर्यंत फुगलं. आणि २०२३ च्या शरद ऋतूत उपग्रहाच्या चित्रात तिथं पाण्यापेक्षा मिठाचं पठारच जास्त दिसत होतं.

म्हापशाला बारावीच्या मुलांना भूगोल शिकवताना मी हे प्रकरण घेतो. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यामुळे ‘सरोवर आटलं’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे वाळवंट येतं, आणि वाळवंटात पाणी आटणारच, त्यात शिकायचं काय, असा चेहरा करून ती बसतात. उर्मियाचा प्रदेश वाळवंट नाही. तिथं द्राक्षं, सफरचंदं आणि बीट पिकतं, आजूबाजूच्या डोंगरांवर हिवाळ्यात बर्फ पडतो. पाऊस मात्र कमी, वर्षाला ३०० ते ३५० मिलिमीटर. आपल्याकडे जुलैच्या एखाद्या जोरदार आठवड्यात तेवढा पडून जातो.

बाहेर जायला वाट नसलेलं पाणी

उर्मियाला नद्या येऊन मिळतात, पण त्यातून एकही नदी बाहेर पडत नाही. झरीने, सिमीने, आजी चाय अशा नद्यांनी आणलेलं पाणी फक्त एकाच दिशेनं निघून जाऊ शकतं, ते म्हणजे वर, हवेत. म्हणून अशा सरोवराचा जमाखर्च शाळकरी मुलालाही मांडता येतो, आणि या प्रकरणातला मला सगळ्यात आवडणारा भाग तोच आहे.

तिथं उघड्या पाण्यावरून वर्षाला सुमारे एक मीटर जाडीचा थर वाफ होऊन जातो. ५,००० चौरस किलोमीटर गुणिले एक मीटर म्हणजे ५ अब्ज घनमीटर. सरोवरावर थेट पडणारा पाऊस साधारण दीड अब्ज भरून काढतो. उरलेलं साडेतीन अब्ज नद्यांनी आणायला हवं. हा झाला ढोबळ हिशेब. सरोवर जिवंत राहण्यासाठी इराणच्या तज्ज्ञांनी धरलेली वार्षिक गरज ३.१ अब्ज घनमीटरच्या आसपास आहे, म्हणजे आपला ढोबळ हिशेबही फार दूर नाही. गोव्यातलं साळावली धरण काठोकाठ भरलं की त्यात सुमारे २३.४ कोटी घनमीटर पाणी मावतं. उर्मियाला दर वर्षी तेरा साळावली लागतात.

आता नद्यांनी निम्मंच पाणी आणलं तर काय होईल? मुलं पटकन म्हणतात, सरोवर कोरडं पडेल. तसं होत नाही. ते आकसतं. पसारा निम्मा झाला की वाफेचा खर्चही निम्मा होतो, आणि कुठंतरी जमा-खर्च पुन्हा जुळतो. बंद खोऱ्यातलं सरोवर आपला आकार उत्पन्नाप्रमाणे बेतून घेतं. म्हणूनच ते संपूर्ण खोऱ्यात काय चाललं आहे त्याची नोंद ठेवणारं यंत्र ठरतं. काठावरची माणसं काहीही सांगोत, पाण्याची कड कुठं आहे ते पाहिलं की वर किती उपसा झाला ते कळतं.

हवामानबदल इथं दोन दारांनी शिरतो. पहिलं दार सरळ आहे: तापमान वाढलं की हवेची पाणी ओढून घेण्याची ताकद वाढते, आणि सरोवरावरून थोडं जास्त पाणी जातं. वर्तमानपत्रांत सहसा एवढंच येतं. पण हा परिणाम टक्के दोन टक्के अशा मापाचा असतो, आणि त्यानं नव्वद टक्के सरोवर नाहीसं होत नाही.

दुसरं दार महत्त्वाचं, आणि ते कोरड्या प्रदेशातच इतकं मोठं उघडतं. समजण्यापुरते गोल आकडे घेऊ. ३५० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातले २५० माती, झाडं आणि हवा घेऊन टाकतात, १०० नदीत उतरतात. पाऊस दहा टक्क्यांनी घटून ३१५ झाला आणि मातीनं आपला वाटा सोडला नाही, तर नदीत ६५ उरतात. पाऊस दहा टक्के कमी, नदी पस्तीस टक्के कमी. प्रत्यक्षात मातीही थोडं कमी पिते, त्यामुळे घट साधारण वीस ते तीस टक्क्यांची होते. वर तापमान वाढलेलं असेल तर माती उलट जास्त मागते. हाच हिशेब गोव्याला लावून पाहा. ३,००० पैकी १,२०० गेले, १,८०० वाहिले. पाऊस दहा टक्क्यांनी घटला तर वाहणारे १,५०० राहतात, म्हणजे घट सतरा टक्क्यांच्या आतच. आपल्याकडे नदीला मिळतो तो मोठा वाटा, तिथं नदीला मिळतं ते उरलंसुरलं. उरल्यासुरल्यावर जगणाऱ्याला प्रत्येक तूट दुपटीनं लागते.

त्यात बर्फाचं गणित वेगळंच. डोंगरावर साठलेला बर्फ वसंतात हळूहळू वितळून नद्या वाहत्या ठेवतो. हिवाळा उबदार झाला की बर्फाऐवजी पाऊस पडतो, उरलेला बर्फ लवकर वितळतो, आणि उन्हाळ्यात सगळ्यांना पाणी हवं असतं तेव्हा वरची साठवण रिकामी असते.

आगरवाड्याच्या आजोबांचा प्रश्न

माझ्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा आगरवाड्याला मिठागर चालवत. एका शनिवारी आम्ही मुलांना तिथं घेऊन गेलो होतो आणि मी उर्मियाची चित्रं मोबाईलवर दाखवत होतो. लालसर पाणी, पांढरे काठ, मिठाच्या खडकात अडकून पडलेल्या होड्या. आजोबांनी चित्रं शांतपणे पाहिली आणि विचारलं, “मास्तर, पाणी इतकं घट्ट झाल्यावर ते आटायला वेळ लागत नाही? आमच्या शेवटच्या वाफ्यात ऊन तेच, वारा तोच, पण पाणी घट्ट होत आलं की काम मंदावतं.”

वर्गातल्या कुणाला हा प्रश्न सुचला नव्हता, आणि तो अगदी मुद्द्याचा आहे. भरतीचं पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवत दाट करायचं आणि शेवटी मीठ धरायचं, ही आगरातली रीत. उर्मिया म्हणजे मानस बंद झालेलं, कुणी न राखलेलं अवाढव्य आगर. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. उर्मियात चांगल्या दिवसांतही त्याच्या पाचपट असत, आणि सरोवर आकसल्यावर ते ३०० ग्रॅमच्या पलीकडे गेलं. पाण्यात जितकं मीठ जास्त, तितकी त्यातून वाफ कमी निघते. मिठानं पूर्ण भरलेल्या पाण्याची वाफ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या खाली असेल तरच होते. त्याच्या वर उलटा प्रवास सुरू होतो, मीठच हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात आपल्या स्वयंपाकघरातल्या बरणीत मिठाला पाणी सुटतं ते याचमुळे, आणि आगराचा हंगाम साधारण जानेवारी ते मे एवढाच असतो तोही याचमुळे. उर्मियाच्या उन्हाळ्यातली हवा मात्र इतकी कोरडी असते की दाट झालेलं पाणीही आटत राहतं, फक्त जरा सावकाश.

म्हणजे खारेपणा हा सरोवराला मिळालेला थोडासा लगाम आहे. आजोबांचं बरोबर होतं. पण त्या लगामाची किंमत मोठी. उर्मियात मासे नव्हतेच. तिथली अन्नसाखळी आर्टेमिया नावाच्या, नखाएवढ्या कोळंबीसारख्या जीवावर उभी होती, आणि तिच्यावर रोहित पक्ष्यांचे थवे जगत. पाणी एका मर्यादेपलीकडे खारं झालं तसा हा जीव जवळपास नाहीसा झाला आणि पक्ष्यांनी वाट बदलली. उन्हाळ्यात पाणी तांबडं होतं ते खारात तग धरणाऱ्या शेवाळामुळे आणि सूक्ष्म जीवांमुळे. २०१६ मधली नासाची तशी चित्रं जगभर फिरली. दिसायला सुंदर, हे मान्य. सरोवर आजारी असण्याची ती खूण होती एवढंच.

मिठाची दुसरी गोष्ट आजोबांनी विचारली नाही, पण ती इथं सांगायला हवी. आटताना मीठ तळाशी बसतं आणि मुळातच सपाट असलेला तळ आणखी उथळ करतं. मग पुराचं गोडं पाणी आलं की ते खोल साठत नाही, पातळ थरात दूरवर पसरतं. पसरलेलं, उथळ आणि ताजं पाणी लवकर उडून जातं. नकाशावर सरोवर मोठं दिसतं तेव्हा त्यात पाणी किती आहे हे वेगळं विचारावं लागतं.

आगराला आज ग्रासणारा त्रास मात्र याच्या उलटा आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं. अशा अवेळी पावसात तयार होत आलेलं मीठ वाफ्यातच विरघळतं. आजोबांना हवामानबदल पटवून द्यावा लागत नाही. तो त्यांना कोरडेपणाच्या नव्हे, पावसाच्या वेळापत्रकाच्या रूपात भेटतो.

दुष्काळ गेल्यावर काय झालं

हे प्रकरण कुठं फिरलं ते शोधायचं तर १९९५ नंतरची वर्षं पाहावी लागतात. त्याआधीच्या ओल्या वर्षांनी सरोवर भरून टाकलं होतं. पाठोपाठ १९९८ ते २००१ असा कडक दुष्काळ आला आणि पातळी झपाट्यानं उतरली. इथवर सगळं हवामानाच्या खात्यावर टाकता येतं. दुष्काळ उर्मियानं आधीही पाहिले होते आणि पाऊस परतल्यावर ते सावरलंही होतं. या वेळी तसं झालं नाही. बऱ्यापैकी पावसाची वर्षं आली, तरी सरोवर उतरतच राहिलं.

कारण मधल्या काळात वरचं खोरं बदललं होतं. झरीने ही सरोवराची सर्वांत मोठी पोषक नदी. तिच्यावरचं बुकानचं धरण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचं. त्यानंतर इतर नद्यांवर धरणं वाढत गेली. ओलिताखालची जमीन वाढली. द्राक्षाच्या मळ्यांच्या जागी जास्त पाणी पिणाऱ्या सफरचंदाच्या बागा आल्या, बीट आलं. धरणाचं पाणी पोचत नव्हतं तिथं विहिरी खणल्या गेल्या, परवाना असलेल्या आणि नसलेल्याही. यातलं बरंचसं देशात धान्य-साखर पिकवण्याच्या आणि गावात रोजगार टिकवण्याच्या नावाखाली, सरकारी पाठबळानं झालं. शेतकऱ्याला यात खलनायक करणं सोपं आणि चुकीचं आहे.

ओल्या वर्षात उपसा वाढवता येतो. बाग लावली की ती वीस वर्षं पाणी मागते. कोरड्या वर्षात नदी कमी आणते, पण बागेची तहान तेवढीच राहते, किंबहुना उष्णतेनं वाढते. तूट सगळीच्या सगळी शेवटच्या वाटेकऱ्यावर, म्हणजे सरोवरावर पडते. हवामानबदल आणि उपसा यांचे वेगवेगळे टक्के काढण्याचा प्रयत्न अनेक संशोधकांनी केला, आकडे पद्धतीप्रमाणे बदलतात, मात्र बहुतेकांनी मोठा वाटा माणसाच्या पाणीवापराकडेच दिला आहे. माझ्या मते ते टक्के वेगळे काढणंच जरा फसवं आहे. नद्यांवर इतका भार नसता तर हवामानाची तूट सरोवरानं सोसली असती. हवामान पूर्वीचंच असतं तर उपशाचे परिणाम आणखी काही वर्षं झाकले गेले असते. ‘हवामानबदलाचा बळी’ हे वाक्य खोटं नाही, पण ते ज्यांनी धरणांच्या आणि विहिरींच्या कागदांवर सह्या केल्या त्यांना फार सोयीचं आहे.

सरोवरावरून उर्मिया आणि तब्रीझ या शहरांना जोडणारा भराव-रस्ता आहे, मधला पूल २००८ मध्ये खुला झाला. अनेकांचा राग त्याच्यावर. त्यानं उत्तर आणि दक्षिण भागांतलं पाण्याचं व क्षारांचं येणंजाणं अडवलं हे खरं, पण नदीत न आलेलं पाणी काही त्यानं प्यायलं नाही.

२०११ मध्ये सरोवर वाचवण्यासाठी तब्रीझ आणि उर्मिया शहरांत लोक रस्त्यावर उतरले, अटकाही झाल्या. २०१३ मध्ये आलेल्या नव्या सरकारनं सरोवराच्या पुनरुज्जीवनासाठी राष्ट्रीय समिती नेमली. तिच्या आराखड्यातलं कळीचं कलम होतं शेतीचा पाणीवापर पाच वर्षांत ४० टक्क्यांनी कमी करणं. दहा वर्षांत पातळी समुद्रसपाटीपासून १,२७४.१ मीटरवर न्यायची होती.

अवघड कलम तेवढं मागे राहिलं. धरणांतून पाणी सोडणं, नदीची पात्रं मोकळी करणं, ठिबकसाठी अनुदान देणं ही दिसणारी कामं झाली. ठिबकबद्दल आपल्याकडेही आंधळा विश्वास आहे, म्हणून इथं थांबतो. शेतकऱ्यानं ठिबक बसवलं आणि त्याचं ३० टक्के पाणी वाचलं, तर ते नदीत परत जातं का? त्याच्या हक्काचं पाणी कागदावर तेवढंच राहिलं असेल, तर तो त्यावर शेजारचा माळ भिजवतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. पूर्वी पाटातून झिरपून खाली जाणारं थोडंफार पाणीही बंद होतं. हक्काचा आकडा कमी केल्याशिवाय बचत सरोवरापर्यंत पोचत नाही, आणि हक्काचा आकडा कमी करणं हे कुठल्याही सरकारला नको असलेलं काम आहे.

मग २०१९ आलं. वसंतात इराणभर पूर आले, सरोवर फुगलं, पर्यटक परतले, अधिकाऱ्यांनी यशाची भाषणं केली. या प्रकरणातलं सगळ्यात घातक वर्ष कुठलं, असं मी परीक्षेत विचारतो तेव्हा बहुतेक मुलं २०१४ लिहितात. माझं उत्तर २०१९. त्या एका वर्षानं निकड संपली. पुढची वर्षं पुन्हा कोरडी गेली आणि २०२३ पर्यंत पुराचं पाणी हवेत गेलेलं होतं.

गोव्यात बसून यावर हसायला नको. २०२३ मध्ये मॉन्सून केरळात ८ जूनला, म्हणजे आठवडाभर उशिरा पोचला, तेव्हा आपल्या धरणांच्या पातळीची रोज बातमी होत होती. जुलै उजाडला, साळावलीचा गोल सांडवा वाहू लागला, लोक फोटो काढायला गेले आणि विषय मिटला. मे महिन्यात कुणी, किती आणि कशासाठी उपसलं याची चर्चा पाऊस सुरू होईपर्यंतच टिकते. मे २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात जगातली १,९७२ मोठी सरोवरं आणि जलाशय उपग्रहांच्या नोंदींवरून तपासले होते. १९९२ ते २०२० या काळात त्यांतल्या ५३ टक्क्यांचं पाणी घटलं होतं, आणि त्यांत पावसाळी प्रदेशांतलेही होते.

झाबचं पाणी

उर्मियासाठी शेवटचा मोठा उपाय म्हणून शेजारच्या खोऱ्यातून पाणी आणायचं ठरलं. धाकट्या झाब नदीच्या खोऱ्यातलं पाणी सुमारे ३६ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून उर्मियाकडे वळवलं गेलं. वर्षाला ६० कोटी घनमीटरच्या आसपास पाणी आणायची योजना, म्हणजे सरोवराच्या गरजेचा साधारण पाचवा भाग. बोगदा २०२३ च्या सुरुवातीला सुरू झाला. त्याच वर्षीच्या शरदातलं चित्र सुरुवातीला सांगितलंच आहे.

धाकटी झाब पुढे इराकच्या कुर्दिस्तानात जाते, दोकानच्या धरणात साठते आणि नंतर तैग्रिसला मिळते. इथपर्यंत नकाशा फळ्यावर काढला की म्हापशाच्या वर्गात काही समजावून सांगावं लागत नाही. पुढे मांडवी होणाऱ्या म्हादईचे कळसा-भांडुरा हे ओढे, कर्नाटकातल्या मलप्रभेकडे वळवायचं त्यांचं पाणी, पाणीवाटप ठरवणाऱ्या म्हादई लवादाचा ऑगस्ट २०१८ चा निवाडा, त्यात कर्नाटकाला मिळालेले १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट), हे सगळं मुलांच्या घरी जेवताना बोललं जातं. खांडेपार नदीच्या पाण्यावर ओपाचा पिण्याच्या पाण्याचा प्रकल्प चालतो, आणि मांडवीत वरून येणारं गोडं पाणी कमी झालं तर खारं किती आत चढेल, हेही त्यांना माहीत असतं.

मग मी विचारतो: उर्मियासाठी झाबचं पाणी न्यावं का? या वर्षी वर्ग सरळ दोन भागांत फुटला. आगरवाड्याची ती मुलगी उर्मियाच्या बाजूनं उभी राहिली. पाणथळ जागा जपण्यासाठीच्या रामसर करारावर २ फेब्रुवारी १९७१ ला सह्या झाल्या त्या इराणमध्येच, आणि उर्मिया १९७५ पासून त्या यादीत आहे. २०२२ मध्ये कुडचड्याचं नंदा तळं त्याच यादीत आलं तेव्हा आपण अभिमानानं सांगितलं. मग यादीतलं इतकं मोठं सरोवर मरत असताना थोडं पाणी आणलं तर बिघडलं कुठं, असं तिचं म्हणणं. आजोळ म्हादईच्या खोऱ्यातल्या वाळपईला असलेला एक मुलगा तिच्यावर तुटून पडला. “सर, कर्नाटकही तेच सांगतो ना? आमच्याकडे लोक तहानलेले आहेत म्हणून. खालच्यांना कोण विचारतो?”

मुलगी म्हणाली, तिथं माणसांसाठी नव्हे, सरोवरासाठी नेत आहेत. त्यावर तो म्हणाला, सरोवराच्या वाटेवरच सफरचंदाच्या बागा आहेत. पाणी बोगद्यातून बाहेर पडल्यावर आधी कुणाकडे जाईल? तिनं मला विचारलं, ते मोजता येतं का. येतं. बोगद्याच्या तोंडाशी एक मोजमाप, नदी सरोवराला मिळते तिथं दुसरं. दोन्हींतला फरक म्हणजे वाटेत गेलेलं पाणी, आणि त्यातून वाफ व झिरप वजा केली की उरतो तो वाटेतला उपसा. पुढच्या तासाला मी त्यांना म्हादई लवादाच्या निवाड्यातला गोव्याचा वाटा आणि साळावलीची साठवण एकाच मापात आणायला सांगितली आहे, कारण टीएमसी आणि घनमीटर यांची सांगड घातल्याशिवाय हा वाद पुढे सरकत नाही. एक टीएमसी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर.